पल्ला वाढतो का? लघवीच्या जुनाट दुखण्यात मनासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवांचं परीक्षण

मूत्राशयाचं किंवा ओटीपोटाचं जुनं दुखणं ज्याच्या मागे लागलंय, त्याच्या कपाटात दोन-तीन वर्षांत बरंच सामान साठतं. पॅडची पाकिटं, गरम पाण्याची पिशवी, मध्ये भोक असलेली उशी, कसलीशी चूर्णं, फोनमध्ये दोन-तीन अ‍ॅप आणि कुठल्या तरी ऑनलाइन समुपदेशनाचं अर्धवट सोडलेलं पॅकेज. यातलं बहुतेक शरीरासाठी म्हणून घेतलेलं असतं, पण पैसे काढायला लावते ती भीती. बसमध्ये लागली तर? मीटिंगमधून तिसऱ्यांदा उठावं लागलं तर? कपड्यावर डाग दिसला तर?

म्हणून इथे प्रत्येक वस्तूला आणि सेवेला एकच कसोटी लावली आहे: महिना-दोन महिने वापरल्यावर माणसाचा घराबाहेरचा पल्ला वाढतो की आटतो? पॅड लावल्यामुळे जी बाई कित्येक वर्षांनी लग्नाच्या पंगतीत निवांत बसली, तिच्यासाठी ते पॅड उत्तम. पॅड संपलं म्हणून जी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जात नाही, तिच्यासाठी तेच पॅड बेडी झालं आहे. वस्तूच्या पाकिटावर हे लिहिलेलं नसतं आणि विकणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणंही नसतं.

आधी आजारांबद्दल थोडं. ब्लॅडर पेन सिंड्रोम, म्हणजे जुन्या नावाने इंटरस्टिशियल सिस्टायटिस; ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय भरलेलं नसतानाही अचानक घाई लागणं; ओटीपोटाच्या तळाशी असलेले पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू कायम आखडलेले राहणं; आणि पुरुषांमध्ये ज्याला क्रॉनिक प्रोस्टेटायटिस म्हणतात ते दुखणं, ज्यात बहुतेकदा जंतू सापडतच नाहीत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, निगेटिव्ह येतं, सोनोग्राफीत काही दिसत नाही, आणि केबिनमधून बाहेर पडताना हातात ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच पडतं. घरी ‘सारखी काय उठतेस गं?’ सुरू होतं. रिपोर्ट नॉर्मल आणि त्रास खरा, या कात्रीत सापडलेला माणूस हळूहळू स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. त्रास मनातून आलेला नसतो, पण मन त्यात ओढलं जातं ते असं.

हे ओढलं जाणं कसं चालतं ते कळलं की कुठे पैसे घालायचे तेही कळतं. कळ आली की ओटीपोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात. सतत आवळलेला स्नायू स्वतःच दुखायला लागतो आणि मूत्राशयाला चाळवतो. दुसरीकडे, भीतीपोटी माणूस ‘असू दे’ म्हणून आधीच जाऊन येतो. पाच-सहा तास झोपेत साडेतीनशे मिलिलिटर धरणारं मूत्राशय दिवसा सत्तर-ऐंशी मिलिलिटरवरच हाक मारायला शिकतं. दाराच्या कुलपात किल्ली घातली की घाई सुटते, हा अनेकांचा अनुभव याच शिकवणीतून येतो. त्यात काहींची झोप रात्री चार-पाच वेळा उठल्याने तुटते आणि तुटलेल्या झोपेत दुखणं अधिक जाणवतं.

एक अट मात्र आधीच. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, लघवी अजिबात न होणं, पायात अचानक अशक्तपणा किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, यातलं काही असेल तर खालचं काहीही विकत घेण्याआधी डॉक्टर, आणि तोही त्याच दिवशी.

ब्लॅडर डायरी आणि मोजपात्र

ब्लॅडर डायरी म्हणजे प्यायलेल्या पाण्याची आणि झालेल्या लघवीची नोंदवही. सगळ्यांत स्वस्त, आणि आमच्या मते सगळ्यांत जास्त वसूल होणारी खरेदी. प्लॅस्टिकचं, ५० मिलिलिटरच्या खुणा असलेलं, अर्ध्या किंवा एक लिटरचं मोजपात्र शे-दोनशे रुपयांत मिळतं. भारतीय पद्धतीच्या संडासात रुंद तोंडाचं आणि दांड्याचं घ्यावं. अरुंद तोंडाचं बायकांना वापरता येत नाही आणि पहिल्याच दिवशी डायरी बंद पडते. पात्रावर मार्करने मोठं ‘बाथरूम’ लिहून ठेवा, नाहीतर ते स्वयंपाकघरात जातं.

रूढ पद्धत तीन दिवसांच्या नोंदीची. सलग असलेच पाहिजेत असं नाही. एक कामाचा आणि दोन घरचे दिवस घेतले तर चित्र खरं येतं. रकाने हवेत ते असे: वेळ, काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली, घाई ० ते ४, गळती झाली का, दुखणं ० ते १०. घाईच्या मापात ० म्हणजे लागलीच नव्हती, ३ म्हणजे थांबवणं कठीण, ४ म्हणजे पोचण्याआधीच गळली. छापील तक्त्यांत जो रकाना नसतो तो हाताने आखावा: ‘का गेलो/गेले’. त्यात एक-दोन शब्द पुरेत. लागली, असू दे म्हणून, भीती, कळ.

नमुन्यादाखल एका दिवसाची पाच ओळींची नोंद बघा. सकाळी ६:१०, ३८० मिली, घाई २, ‘लागली’. ८:४०, ९० मिली, घाई ०, ‘निघण्यापूर्वी’. ९:०५, ४० मिली, घाई १, ‘बस यायच्या आधी परत एकदा’. ११:३०, १२० मिली, घाई ३, ‘साहेबांनी बोलावलं’. दुपारी ३:५०, ३१० मिली, घाई २, ‘कामात होते, लक्षातच आलं नाही’. या पाच ओळींत अर्धं निदान आहे. मूत्राशय तीनशेच्या वर धरू शकतं. दोन फेऱ्या लघवीसाठी नव्हत्याच, त्या धास्तीच्या होत्या. साडेअकराची घाई खरी होती, पण ती पाण्यामुळे आली नव्हती. हे डॉक्टरांनी सांगितलं तर अपमान वाटतो. स्वतःच्या अक्षरात वाचलं तर पटतं, आणि डायरीची खरी किंमत इथेच आहे.

याउलट दिवसरात्र प्रत्येक वेळी शंभर-सव्वाशेच मिलिलिटर, आणि भरताना दुखतं, झाल्यावर थोडं उतरतं, असा नमुना आला तर तो दुखऱ्या मूत्राशयाचा आहे. तिथे ‘धरून ठेवायचा सराव करा’ हा सल्ला अंगावर येतो. प्रत्येक वेळी साडेतीनशे-चारशे आणि चोवीस तासांची बेरीज वजनाच्या दर किलोला ४० मिलिलिटरच्या वर, म्हणजे ७० किलोच्या माणसात २.८ लिटरच्या पुढे जात असेल तर आधी साखर तपासा आणि दिवसभर पोटात जाणारं पाणी मोजा. रात्रीचा हिशेब करताना सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीत धरायची. साठी-पासष्टीच्या पुढे रात्रीचा वाटा दिवसभराच्या एकूण लघवीच्या ३३ टक्क्यांहून जास्त निघाला, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे. त्याची कारणं पायाची सूज, हृदय, झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी अशी वेगळी असतात. अशा माणसाला ‘तुम्ही फार विचार करता’ म्हणून समुपदेशनाला पाठवणं चूक आहे.

चुका ठरलेल्या असतात. दिवसभराची नोंद रात्री आठवून भरली जाते. ‘थोडी’, ‘बरीच’ असं लिहिलं जातं. ताक, वरण, कलिंगड पिण्यात धरलं जात नाही. घरातला स्टीलचा पेला आणि चहाचा कप एकदा मोजपात्राने मोजून घ्या, म्हणजे पुढे अंदाज चालतो. सर्वांत वाईट चूक म्हणजे आकडे चांगले दिसावेत म्हणून त्या तीन दिवसांत पाणीच कमी पिणं. लघवी गडद होते, जळजळ वाढते आणि डायरी भलतंच सांगते.

आता उणी बाजू, आणि ती गंभीर आहे. डायरी तीन दिवसांसाठी आहे. ती तीन महिने चालवली की उलटते. आकड्यांचे गुण होतात, ‘आज अकरा वेळा’ म्हणून दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, आणि दर दहा मिनिटांनी ओटीपोटाकडे लक्ष देण्याची सवय पक्की होते. ज्या संवेदनेवर पहारा बसतो ती मोठी होते. तीन दिवस लिहा, कपाटात ठेवा, सहा-आठ आठवड्यांनी उपचार बदलल्यावर पुन्हा तीन दिवस लिहा. जो माणूस आधीच रात्री उठून मोजत बसतो, त्याने डायरी डॉक्टर किंवा फिजिओने मागितली तरच भरावी.

फोनवरची अ‍ॅप नेमकी इथेच पडतात. आलेख छान निघतो, बेरीज आपोआप होते, हे खरं. पण दर दोन तासांनी टिंग करणारं अ‍ॅप रोज वापरायला लावतं, कारण त्याचा धंदाच रोज उघडण्यावर चालतो. घ्यायचंच असेल तर सूचना बंद करता येतात का, नोंद पीडीएफमध्ये काढता येते का आणि खातं न उघडता चालतं का, एवढं पाहा. नाहीतर कागद बरा.

पॅड, उशी, शेक

पॅडच्या बाबतीत एकच घोळ वारंवार होतो: पाळीचं पॅड लघवीसाठी वापरलं जातं. रक्त दाट आणि सावकाश येतं, लघवी पातळ आणि एकदम येते. पाळीचं पॅड ती तितक्या वेगाने शोषत नाही, कडेने गळतं, मग ‘पॅडसुद्धा पुरत नाही’ अशी घबराट बसते आणि माणूस थेट डायपरवर जातो. गळतीसाठीच्या पॅडमध्ये लघवीचं जेल करणारी पावडर असते. पाकिटावरचा मिलिलिटरचा आकडा मात्र प्रयोगशाळेतला असतो, अंगावर, बसलेल्या स्थितीत, क्षमता त्याहून बरीच कमी भरते. कमी, मध्यम, जास्त अशी तीन मापं आणून घरी पाण्याने करून पाहा: १०० मिलिलिटर पाणी एकदम ओता, एक मिनिट थांबा, वर टिश्यू दाबा. तो कोरडा राहिला तर ते माप नेहमीच्या गळतीला चालेल. हा घरगुती प्रयोग मनाला जेवढा धीर देतो तेवढा जाहिरातीतला निळा द्रव देत नाही.

कसोटीचं उत्तर पॅडच्या बाबतीत वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. महिना-दोन महिने ज्यांची पॅडं कोरडीच निघतात, त्यांनी आधी घरात, मग कोपऱ्यापर्यंत, पॅडशिवाय राहून पाहावं. कोरडं पॅड दिवसभर लावून ठेवलं की घाम, पुरळ, खाज येते, आणि खाजेलाही पुन्हा ‘इन्फेक्शन झालं’ म्हणून गोळ्या सुरू होतात.

उशीचं थोडक्यात. पूर्ण गोल, मेदूवड्यासारखी उशी पुष्कळांना सोसत नाही, कारण कडांवर वजन पडून मधला भाग खाली ताणला जातो. मागे किंवा पुढे उघडी असलेली यू आकाराची, कडक फोमची उशी बहुतेकांना बरी पडते. दुकानात वीस मिनिटं बसू देत असतील तरच घ्या. ऑफिसात उशी नेण्याची लाज वाटते म्हणून न नेणारे खूप आहेत. काळ्या कव्हरची उशी ‘कंबरेसाठी’ म्हणून सहज खपते.

शेक पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड घालून. इलेक्ट्रिक पॅड लावून झोपू नका. महिनोन्‌महिने रोज शेकल्याने पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. काहींना उलट थंड शेकच चालतो. दोन्ही करून पाहावं, फुकट आहे.

पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपी

ही शरीराची सेवा आहे, पण मनासाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी सेवा आम्हाला माहीत नाही. कारण इथे पहिल्यांदा कोणी तरी दुखणाऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवतं आणि म्हणतं, ‘हा स्नायू आखडलाय.’ नॉर्मल रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं.

पुरावाही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत मूत्राशयाच्या दुखण्याच्या ८१ स्त्रियांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला पेल्व्हिक फ्लोअरच्या स्नायूंतल्या आखडलेल्या गाठी मोकळ्या करणारी फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला सर्वांगाचा मसाज, तासातासाची दहा सत्रं. पहिल्यात ५९ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के स्त्रियांना लक्षणीय बरं वाटलं. मसाजने २६ टक्क्यांना वाटलं हेही विसरू नका. शांतपणे तासभर लक्ष मिळणं हाही उपचाराचा भाग असतो.

सगळ्यांत मोठी चूक इथे केगलची होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘रोज शंभर वेळा आवळा-सोडा’ हा व्यायाम सैल झालेल्या स्नायूंसाठी, खोकताना गळणाऱ्यांसाठी आहे. आखडलेल्या, दुखऱ्या पेल्व्हिक फ्लोअरमध्ये तो आगीत तेल ओततो. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही ब्लॅडर पेन सिंड्रोममध्ये हे स्नायू बळकट करणारे व्यायाम टाळायलाच सांगतात. जो फिजिओ तपासण्याआधीच केगल सांगतो त्याच्याकडे दुसरं सत्र घेऊ नका.

चांगल्या ठिकाणी पहिलं सत्र निम्म्याहून जास्त बोलण्यात जातं. लघवी, शौच, पाळी, शरीरसंबंध, जुन्या शस्त्रक्रिया, बाळंतपणं, सगळं विचारलं जातं. आतून तपासणी लागली तर ती योनीतून किंवा गुदद्वारातून एका बोटाने होते. तिच्या आधी तोंडी आणि शक्यतो लेखी संमती घेतली पाहिजे, ‘थांबा’ म्हटलं की थांबलं पाहिजे, बाईला सोबत दुसरी बाई हवी असेल तर ती मिळाली पाहिजे. पूर्वी लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला ही तपासणी फार जड जाते. ते सगळं सांगावं लागत नाही, ‘आतली तपासणी आज नको’ एवढं म्हणणं पुरतं, आणि चांगला फिजिओ बाहेरून, श्वासापासून सुरुवात करतो: उताणं झोपून गुडघे वाकवायचे, श्वास घेताना पोट वर आणि बैठकीची जागा खाली सैल सोडायची, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. सोडणं शिकायला आवळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

घाई दाबण्याची युक्तीही इथेच शिकवतात. घाई लाटेसारखी येते आणि बहुतेकदा मिनिटभरात ओसरते. लाटेच्या माथ्यावर धावत सुटलं तर गळतं. जिथे आहात तिथे थांबा, शक्य तर बसा, टाचा आळीपाळीने उचला, शंभरातून सात-सात वजा करत जा. लाट उतरली की चालत जा. ज्यांना दुखणं नाही, नुसती घाई आहे, ते यासोबत पेल्व्हिक फ्लोअरचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळू-सोडू शकतात. दुखणाऱ्यांनी फक्त सोडण्यावर भर द्यावा.

महाराष्ट्रात फिजिओची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. हे काम शिकलेले लोक मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत, ही या सेवेची मोठी उणीव. बीड किंवा चिपळूणहून पुण्या-मुंबईला दर आठवड्याला येणं ज्याला बसप्रवासाचीच धास्ती आहे त्याला कसं जमावं? एक समोरासमोरचं सत्र आणि पुढची व्हिडिओवर, अशी बोलणी आधीच करून घ्यावी.

समुपदेशन: काय मिळालं पाहिजे

बाजारात या नावाखाली काहीही विकलं जातं. ध्यानाचे व्हिडिओ, ‘पॉझिटिव्ह रहा’चे मेसेज, वीस सत्रांचं आगाऊ पैसे भरायचं पॅकेज. जुनाट दुखण्यात उपयोगी पडते ती मुख्यतः सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी, ठरावीक मुदतीची, गृहपाठ असलेली पद्धत. साधारण आठ ते बारा सत्रं, प्रत्येक पाऊण ते एक तास. चौथ्या सत्रापर्यंत गृहपाठच दिला नसेल तर ती गप्पांची बैठक आहे.

सुरुवातीला बहुधा पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या दोन प्रश्नावल्या भरून घेतात. पहिली ० ते २७, नैराश्यासाठी. दुसरी ० ते २१, चिंतेसाठी. दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त गुण आले की बारकाईने पाहायचं असतं. इथे लघवीच्या रुग्णांबाबत एक खाच आहे जी नवख्या समुपदेशकाच्या लक्षात येत नाही. पीएचक्यू-९ मधले झोप, थकवा आणि भूक हे प्रश्न रात्री पाचदा उठणाऱ्या माणसात नैराश्य नसतानाही पूर्ण गुण मिळवतात. म्हणून बेरजेसोबत पहिला आणि दुसरा प्रश्न, म्हणजे कशात रस न वाटणं आणि खिन्नता, सहावा म्हणजे स्वतःला कमी लेखणं, आणि नववा, जगणं नकोसं वाटण्याचा, हे वेगळे वाचावेत. नवव्यात शून्याशिवाय काहीही असेल तर त्याच सत्रात त्यावर बोलणं झालं पाहिजे. जुनाट वेदनेत हा विचार येणं विरळा नाही आणि तो विचारल्याने वाढत नाही.

कामाचा गाभा म्हणजे भाकीत लिहून ते तपासणं. ‘पन्नास मिनिटांच्या बसमध्ये मला गळणार, खात्री ९० टक्के’ असं आधी लिहायचं, प्रवास करायचा, मग काय झालं ते त्याच ओळीत. पायऱ्या सोप्यापासून चढायच्या. निघण्याआधी एकदाच जायचं, दुसरी ‘असू दे’ फेरी बंद. मग आधी लघवीला न जाता वाण्याकडे चक्कर. मग तीन थांब्यांचा प्रवास. मग नाटकाला रांगेच्या कडेची खुर्ची, आणि शेवटी मधली. प्रत्येक पायरी भीती (० ते १०० च्या मापात) ७० वरून ३० पर्यंत उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा. एकदा जमलं म्हणून लगेच पुढची पायरी घेतली तर पहिल्याच अपयशात सगळा सराव कोसळतो. दुखणं भडकलेल्या आठवड्यात पायरी चढायची नाही, पण उतरायचीही नाही. तीच करायची, थोडी छोटी करून. बऱ्या दिवशी घर धुऊन काढायचं आणि मग तीन दिवस अंथरूण धरायचं, हा खाक्या मोडायला इथेच शिकवतात.

नकाशावर स्वच्छतागृहं शोधून ठेवणं हेही याच मापाने मोजावं. सुरुवातीला अवश्य करा. मुंबई लोकलमध्ये आणि एसटीत शौचालय नसतं, आणि बायकांसाठी रस्त्यावरची सोय किती तोकडी आहे हे सांगायला ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेला उच्च न्यायालयात जावं लागलं, २०१५ मध्ये न्यायालयाने महापालिकांना त्याबद्दल निर्देश दिले. तेव्हा भीती निराधार नाही. समुपदेशकाने ‘घाबरायचं काय त्यात’ म्हटलं तर त्याला रस्त्यावरची स्थिती माहीत नाही, असं समजावं. पण महिनाभराने प्रत्येक वाटेवरच्या सात जागा पाठ करण्याऐवजी एक पुरेशी आहे का, हे करून पाहायचं.

चांगला समुपदेशक शरीरसंबंधांबद्दल स्वतःहून विचारतो, कारण रुग्ण ते काढत नाही. दुखतं म्हणून टाळलं जातं, टाळलं म्हणून जोडीदाराला नकार वाटतो, आणि दोघं गप्प. एक सत्र जोडीने घेतलं तर घरातले ‘सारखी उठतेस’चे टोमणे कमी होतात.

औषधांबद्दल एक गोष्ट समुपदेशकाला ठाऊक हवीच. दुखण्यासाठी रात्री दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन, बहुधा १० ते २५ मिलिग्रॅम, इथे वेदना आणि झोपेसाठी असते. गूगलवर ‘डिप्रेशनची गोळी’ वाचून लोक ती दुसऱ्याच दिवशी बंद करतात आणि डॉक्टरांनी आपल्याला वेडं ठरवलं असा समज करून घेतात. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषात लघवी तुंबणं हे तिचे खरे धोके. ते डॉक्टरांशी बोलावेत, नावाला घाबरू नये.

बुकिंगआधी फोनवर चार प्रश्न विचारा. जुनाट वेदनेच्या रुग्णांसोबत काम केलंय का? गृहपाठ देता का? किती सत्रांनी प्रगती तपासता? मध्येच उठून बाथरूमला गेलं तर चालेल ना? चौथ्या प्रश्नाला जो हसतो त्याला सोडा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असावी लागते, क्रमांक मागा. ऑनलाइन सत्र घेताना घरात एकांत नसेल तर इयरफोन लावा आणि जवळ वही ठेवा, अवघड वाक्य लिहून कॅमेऱ्याला दाखवता येतं. एकत्र कुटुंबात हे फार उपयोगी पडतं.

टेली-मानस

केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. शिखर संस्था बंगळुरूची निम्हान्स. रात्री दोनला कळ थांबत नाही, घर झोपलंय आणि मनात नको ते येतंय, अशा वेळेसाठी हिच्याइतकी सहज मिळणारी दुसरी सोय नाही. जीवाला धोका असेल तर ११२.

तिच्याकडून काय मागायचं ते मात्र ठरवून फोन करावा. समोरच्या समुपदेशकाला लघवीचे आजार माहीत असतीलच असं नाही, म्हणून पहिलं वाक्य तयार ठेवा: ‘मला मूत्राशयाचं जुनं दुखणं आहे, तपासण्या झाल्यात, डॉक्टर चालू आहेत, आत्ता मला झोप नाही आणि भीती वाटतेय, त्याबद्दल बोलायचंय.’ असं म्हटल्यावर ‘यूरोलॉजिस्टला दाखवलं का’मध्ये दहा मिनिटं जात नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून द्या म्हणून सांगता येतं. सेवेची रचनाच तशी दोन पातळ्यांची आहे. आठ-बारा सत्रांच्या सीबीटीला मात्र ही पर्याय नाही. ती रात्र पार पाडण्यासाठी आहे, आणि त्या कामात आमच्याकडून तिला पूर्ण गुण.

पैशांचं राहिलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनेच विमा द्यायचा आहे. पण समुपदेशन आणि फिजिओ दोन्ही ओपीडीत येतात आणि बहुतेक साध्या पॉलिसीत ओपीडीच नसते. पॉलिसीत ओपीडी असेल तर पावतीवर देणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीखवार सत्रं हवीत, आणि सोबत यूरोलॉजिस्टची किंवा गायनॅकची लेखी शिफारस. ‘वेलनेस सेशन’ असं छापलेली पावती नाकारली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून पहिल्याच सत्राला पावतीवर काय लिहिणार ते विचारून घ्या.